वाचकांचे प्रश्न : ‘मर्द’ चाळीस वर्षांनंतर

गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून जुन्या मारधाडपटांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी १९८५ च्या ‘मर्द’भोवतीच फिरत असल्यामुळे या वेळी त्या एकाच चित्रपटाशी संबंधित तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : महोदय, मी अमळनेरला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. पुण्यात शिकणारी माझी नात सुट्टीत घरी आली असताना, आमच्या तरुणपणी गाजलेला एखादा चित्रपट तिला दाखवावा म्हणून मी ‘मर्द’ लावला. आम्ही मित्रांनी तो पाहिला तेव्हा शिट्ट्यांमुळे निम्मे संवाद ऐकूच आले नव्हते. या वेळी राजा दोराने विमान अडवतो त्या प्रसंगाला नात मनापासून हसली, मारामाऱ्यांनाही हसली, परंतु नायक त्या उद्दाम नायिकेला वठणीवर आणू लागला तेव्हा ती गप्प झाली आणि थोड्या वेळाने तिने विचारले, “आजोबा, हे तुम्हाला तेव्हा आवडलं होतं?” मी म्हणालो, “तो काळ वेगळा होता.” त्यावर स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, “तवय बी माले ते आवडनं नव्हतं, पन इचारं कोनी?” हा चित्रपट मुळातच वाईट होता, की आम्ही बदललो? आणि असे चित्रपट नव्या पिढीला दाखवावेत की नाही?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच देऊन टाकले आहे. आम्ही ते थोडे विस्ताराने मांडतो, कारण ‘मर्द’ सगळाच सारख्या वेगाने जुना झालेला नाही, आणि त्याचा कोणता भाग का विटला हे पाहण्यासारखे आहे.

हा काही कोपऱ्यात पडलेला चित्रपट नव्हता. ‘अमर अकबर अँथनी’ आणि ‘कुली’ करणारे मनमोहन देसाई त्याचे दिग्दर्शक होते. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत अलाहाबादहून लोकसभेवर निवडून गेलेले अमिताभ बच्चन त्यात तांगेवाला राजू झाले होते. त्यांच्यासोबत अमृता सिंग, दारा सिंग, निरुपा रॉय आणि प्रेम चोप्रा होते, आणि संगीत अनु मलिक यांचे होते. त्या वर्षी सर्वाधिक चाललेल्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना झाली, आणि पुढच्याच वर्षी रजनीकांत यांना घेऊन त्याची तमिळ आवृत्तीही निघाली. म्हणजे आपण आणि आपल्या मित्रांनी वाजवलेल्या शिट्ट्या देशभर वाजत होत्या.

विमानापासून सुरुवात करू. दारा सिंग यांचा राजा आझाद सिंग धावत्या विमानाला दोराचा फास टाकतो आणि ते जागच्या जागी रोखून धरतो. आज हा प्रसंग पाहून हसू येते हे खरे, परंतु तो तेव्हाही कोणी खरा मानला नव्हता. वहीगायन आणि आख्याने ऐकत वाढलेल्या खानदेशी प्रेक्षकाला अतिशयोक्ती म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. सांगणाऱ्याने थाप मोकळेपणाने मारली आहे आणि आपण ती मोकळेपणाने ऐकायची आहे, हा करार त्याला जन्मापासून ठाऊक होता. इंग्रज राजवटीत घडणाऱ्या या चित्रपटातील इतिहासाचेही तसेच आहे. त्यात जनरल डायर नावाचा खलनायक आहे, पण जालियनवाला बागेचा खरा डायर १९२० मध्ये सैन्यातून बाहेर पडला आणि १९२७ मध्ये वारला. पडद्यावरचा डायर मात्र अशा राज्यात वावरतो जिथले कपडे, केशरचना आणि नाचगाणी उघडउघड १९८० च्या दशकातली आहेत. इंग्रज छावण्यांमध्ये भारतीय माणसांचे रक्त काढून घेतात, हा भागही रूपक म्हणून एवढा थेट आहे की त्यावर ऐतिहासिक आक्षेप घेणे हा वेळेचा अपव्यय होईल. आपली नात विमानाला हसली त्यात चित्रपटाचा पराभव झाला नाही. १९८५ मध्येही लोक टाळ्या वाजवता वाजवता हसतच होते.

मारामाऱ्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. त्या काळी मारामारी चित्रित करताना अनेकदा कॅमेरा सेकंदाला चोवीसऐवजी वीस-बावीस चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने चालवत, म्हणजे ती चोवीसच्या वेगाने पडद्यावर आली की हातपाय एक-पंचमांशापर्यंत अधिक वेगाने हलताना दिसत. फुटणाऱ्या बाटल्या खऱ्या काचेच्या नसत, उडी मारणाऱ्याच्या खाली खोक्यांचा थर आणि गाद्या असत, हवेत उलटणारा माणूस चौकटीबाहेर ठेवलेल्या उसळीच्या जाळीवरून आलेला असे. ठोशाचा आवाज तर पूर्णपणे नंतर भरलेला असे. आणि तो एकाच कर्ण्यातून संपूर्ण टॉकीजभर पोहोचवायचा असल्यामुळे हाडामांसाच्या कोणत्याही आवाजाशी त्याचे नाते उरत नसे. या सगळ्याचे सांधे आज उघडे पडले आहेत, आणि नव्या डोळ्यांना प्रथम तेच दिसतात. तरीही त्या खोट्या ठोशामागची जोखीम खरी होती. याच मनमोहन देसाई यांच्या ‘कुली’चे चित्रीकरण बंगळूर येथे सुरू असताना, २६ जुलै १९८२ रोजी, एका मारामारीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला इतकी गंभीर इजा झाली की पुढे कित्येक दिवस देशाला त्यांच्या प्राणांची चिंता लागून राहिली. १९८३ मध्ये ‘कुली’ प्रदर्शित झाला तेव्हा नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवून पडद्यावर तशी सूचना दिली जात असे. ‘मर्द’ पाहायला गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. आपल्या नातीला ते ठाऊक नसणार, आणि म्हणून त्याच ठोशाचे वजन तिला आणि आपल्याला वेगवेगळे भासले असणार.

आणखी एक गोष्ट घरच्या पडद्यावर हटकून बिघडते, आणि तिच्याकडे टीकाकारांचेही फारसे लक्ष जात नाही. या चित्रपटांतील संवाद टाळी गृहीत धरून लिहिलेले आणि कापलेले असत. नायक वाक्य टाकतो, मग कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, मग खलनायकाच्या चेहऱ्यावर जातो, आणि तेवढ्या अवकाशात पाचशे-सातशे माणसांचा गलका होऊन गेलेला असतो. पुढचे वाक्य ऐकू यावे म्हणून ती जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. दिवाणखान्यात गलका होत नाही. त्यामुळे ती जागा रिकामी पडते, नट उगीचच बघत उभे आहेत असे वाटते, आणि एकेकाळी वेगवान म्हणून नावाजलेला चित्रपट रेंगाळू लागतो. हा दोष पाहण्याच्या जागेचा आहे, चित्रपटाचा नव्हे.

आता त्या भागाकडे येऊ जिथे आपली नात गप्प झाली. तेथील दोष मात्र पूर्णपणे चित्रपटाचाच आहे, आणि तो कथेच्या मांडणीत आहे. नायिका रुबी ही इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या डॉक्टर हॅरीची मुलगी. गाडी बेदरकारपणे हाकणारी, गरिबांना तुच्छ लेखणारी, हाती चाबूक घेणारी. तिच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात राग निर्माण व्हावा अशीच ती रेखाटली आहे, आणि इथवर तक्रार नाही. परंतु नंतर चित्रपट एक चलाखी करतो. परकीय सत्तेविषयीचा राग आणि गर्विष्ठ तरुणीविषयीचा राग हे दोन वेगळे राग तो एकाच पात्रात ओततो, ज्यामुळे पहिल्या रागासाठी वाजणारी शिट्टी दुसऱ्यावर खर्च होते आणि वाजवणाऱ्याला ते कळतही नाही. रुबीचा बाप तिच्यापेक्षा कितीतरी मोठा अपराधी आहे, मात्र अंगाला हात लावून, हसत-खिदळत केलेली मानहानी वाट्याला येते ती मुलीच्या. आणि ती मानहानी सोसल्यावर तिच्या मनात उमलते ते प्रेम. गुन्हेगाराला शिक्षा झाली असती तर त्याला न्याय म्हणता आले असते. येथे शिक्षेलाच प्रियाराधन म्हटले आहे, आणि त्या क्षणी स्वातंत्र्यलढ्याशी असलेला या प्रसंगाचा संबंध तुटतो.

दुसरीकडे नायकाची आई, निरुपा रॉय यांची राणी दुर्गा आहे, जिची वाचाच आघाताने गेली आहे. म्हणजे तीन तासांच्या या चित्रपटातील दोन मुख्य स्त्रियांपैकी एक बोलूच शकत नाही आणि दुसरी फार बोलते म्हणून तिला गप्प केले जाते. लेखकांनी हे ठरवून केले असेल असे आम्हाला वाटत नाही. ठरवून केले असते तर ते एवढे सहज उतरले नसते.

आपण नातीला दिलेल्या उत्तराशी मात्र आम्ही सहमत होऊ शकत नाही. १९८५ चा महाराष्ट्र या बाबतीत अजाण नव्हता. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष ठरवले, त्या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा फौजदारी कायदा बदलावा लागला. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ रंगभूमीवर आले आणि पुढे गावोगावी त्याचे प्रयोग झाले. स्त्रीचा नकार आणि तिचा सन्मान हे विषय ‘मर्द’ लागण्याच्या आधीपासून याच राज्यात मोठ्या आवाजात बोलले जात होते. टॉकीजमध्ये ते ऐकू येत नव्हते, कारण तेथे आवाज कोणाचा चढा असे हे आपणही जाणता. बायका येत, बहुधा कुटुंबासह येत, वेगळ्या राखून ठेवलेल्या जागांवर बसत, आणि शिट्टी वाजवत नसत. त्यांचे मत तिकिटाच्या पैशांत मोजले गेले, पण निराळे नोंदले गेले नाही. म्हणून ‘तेव्हा लोकांना ते आवडत होते’ हे विधान करताना, लोक म्हणजे नेमके कोण, हे सांगणे भाग आहे. आपल्या घरात तर चाळीस वर्षे त्याविषयी दोन मते होती.

बाळाच्या छातीवर खंजिराने ‘मर्द’ कोरणारा बाप आणि मर्दाला वेदना होत नाही हा त्यातील प्रसिद्ध दावा, यांविषयी एवढेच सांगतो की वेदना झाल्याचे कबूल न करता येणाऱ्या पुरुषांची एक पिढी या वाक्यावर वाढली; त्यांची मुले आज ते वाक्य विनोद म्हणून वापरतात, आणि ते बरेच झाले.

राहिला दाखवावे की नाही हा प्रश्न. अवश्य दाखवावे, आणि प्रसंग कापून दाखवू नये. नको तो भाग पुढे सरकवला तर हाती उरतो तो आपल्या आठवणीतला चित्रपट, जो प्रत्यक्षात कधीच नव्हता. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला कशापासून वाचवण्याची आवश्यकता नाही. तिने प्रश्न विचारला यावरून ते दिसतेच. उलट आपण तिला विमान, टाळीची जागा, ‘कुली’चा अपघात हे सांगितलेत तर तिला न दिसणारी बाजू कळेल, आणि तिला जे खटकले ते आपण ऐकून घेतलेत तर आपल्याला न दिसलेली बाजू आपल्याला कळेल. या वेळी सौभाग्यवतींनाही बाहेर येऊन बसण्याची विनंती करावी; स्वयंपाक नंतर होऊ शकतो, किंवा तो आपण करावा.

प्रश्न : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोडे आहेत आणि आम्ही दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला जातो. ‘मर्द’मधला नायक तांगेवाला असल्यामुळे आमच्या घरी तो चित्रपट फार आवडीचा होता, परंतु आता पाहताना घोड्यांची चाल विचित्र वाटते आणि जुन्या चित्रपटांत घोडे पडताना पाहवत नाही. ते खरेच पाडले जात असत काय? (शहादा)

उत्तर : आपल्या नजरेने चाल अचूक पकडली आहे. वर म्हटल्याप्रमाणे कॅमेरा हळू फिरवून चित्रण केले की माणसाचा वेग वाढतो तो एक वेळ खपून जातो, पण घोड्याच्या पावलांना ठरलेली लय असते आणि ती घाईची झाली की जाणकाराला लगेच खुपते; बाकीच्यांना फक्त काहीतरी विजोड वाटत राहते. टापांचा आवाजही नंतर ध्वनिमुद्रण कक्षात नारळाच्या करवंट्या आपटून भरलेला असे, त्यामुळे पाऊल एकीकडे आणि टाप दुसरीकडे असाही प्रकार होतो.

पडणाऱ्या घोड्यांचे म्हणाल तर दोन पद्धती होत्या. चांगल्या पद्धतीत घोड्याला लगामाच्या इशाऱ्यावर एका कुशीवर पडायला शिकवलेले असे आणि ती जागा खणून, वाळू घालून मऊ केलेली असे. वाईट पद्धतीत पुढच्या पायांना तार बांधून किंवा वाटेत तार ताणून धावता घोडा पाडला जाई, आणि त्यात जनावराची मान किंवा पाय मोडण्याचा धोका असे. ही दुसरी पद्धत जगभर वापरली गेली. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ या हॉलिवूडच्या चित्रपटात तिच्यापायी घोडे मेले तेव्हा तेथे मोठा गदारोळ झाला होता. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे, परंतु चित्रीकरणात प्राणी वापरण्यावर प्रत्यक्ष अंकुश आला तो २००१ च्या नोंदणी नियमांनंतर. तेव्हापासून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते, आणि चित्रपटाच्या आरंभी प्राण्यांना इजा झाली नसल्याची जी पाटी दिसते ती या व्यवस्थेतूनच आलेली आहे. ‘मर्द’ या नियमांच्या सोळा वर्षे आधीचा आहे. आज धोक्याच्या प्रसंगात संगणकावर तयार केलेला घोडा वापरतात. सारंगखेड्याच्या बाजारात मात्र त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही.

प्रश्न : माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मोबाइलवर दिसणारा ‘मर्द’ आणि आम्ही तेव्हा पाहिलेला ‘मर्द’ एकच आहे असे मला वाटत नाही. काही प्रसंग मला आठवतात तसे नाहीत, आणि डमी तर आता सरळ ओळखू येतात. हा माझा भ्रम आहे काय? (भुसावळ)

उत्तर : भ्रम मुळीच नाही, आणि भुसावळकराने हा प्रश्न विचारावा हे योग्यच आहे, कारण मध्य भारत, विदर्भ आणि राजस्थानपर्यंतच्या चित्रपट व्यवसायाची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, आपल्याच गावातून चालत आली आहे. मुंबईहून येणाऱ्या रेल्वेला नागपूरचा आणि खंडवा-इटारसीचा असे दोन फाटे जेथे फुटतात, तेथे फिल्मच्या पेट्यांचा व्यवसाय रुजला यात नवल नाही.

पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणजे तीन तासांचा चित्रपट सुमारे १६,००० फुटांचा होतो, आणि हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपते. प्रिंटची सर्वाधिक झीज होत असे ती रिळाच्या आरंभी आणि शेवटी, कारण तेथे ती वारंवार हाताळली जाई. प्रत्येक वेळी तुटलेली फिल्म जोडताना ऑपरेटरला काही चौकटी कापाव्या लागत. मोठ्या शहरांतून फिरून तालुक्याच्या गावी, आणि तेथून यात्रेतल्या तंबूत पोहोचेपर्यंत रीळ बदलण्याच्या जागेवरचे संवाद अर्धवट उरलेले असत. शेवटचा खेळ वेळेत संपवण्यासाठी एखादे गाणे वगळणेही सर्रास चाले. आपल्या वडिलांनी हे केले असेल असे आम्ही म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक निश्चित असेल.

डमीचे कारण आणखी सोपे आहे. तेव्हा अनेक ठिकाणी दोन कार्बनच्या कांड्यांमधील ठिणगीच्या उजेडावर चित्र पडद्यावर जात असे. कांड्या जळत जातील तसा उजेड कमी-जास्त होई, पडदा मळलेला असे, प्रिंटवर ओरखड्यांचा पाऊस असे. नायकाच्या जागी उडी मारणाऱ्या माणसाचा टोप आणि निराळी अंगलट या सगळ्याच्या आड झाकली जाई. फाइट मास्टर आणि छायाचित्रकार हे लक्षात घेऊनच काम करत. आज दिसते ती प्रत बहुधा चांगल्या अवस्थेतील फिल्मवरून संगणकावर उतरवून, स्वच्छ करून, हवे तेथे थांबवता येईल अशी दिलेली असते, आणि आपण ती हातभर अंतरावरून पाहतो. ज्या अंतरासाठी आणि ज्या अंधुकपणासाठी ती युक्ती रचली होती ते दोन्ही नाहीसे झाल्यावर ती उघडी पडणारच. आठवणीतल्या प्रसंगांविषयी बोलायचे तर, जळगावला पाहिलेल्या आणि यावलला पाहिलेल्या दोन प्रेक्षकांत ‘मर्द’मधील एखाद्या प्रसंगावरून वाद झाला, तर दोघेही आपापल्या प्रिंटपुरते बरोबर असण्याची शक्यता आहे.